सातबाऱ्यावरचा कंस

[दृश्य : टेबलावर जुना, हस्तलिखित सातबारा. कॅमेरा नावांच्या रकान्यावर स्थिरावतो.]

या उताऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून चार नावे लिहिलेली आहेत आणि त्यांपैकी तीन नावांना कंस आहे. महसुली दप्तरात नावाला कंस पडला, म्हणजे ते नाव कमी झाले. माणूस वारला असेल, जमीन विकली असेल, वाटणी झाली असेल किंवा कोणी हक्क सोडला असेल. यांपैकी काय घडले हे उतारा सांगत नाही. तो फक्त शेजारी वर्तुळात लिहिलेला फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक दाखवतो.

महाराष्ट्रात "जमीन कोणाची?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक माणसे सातबारा पुढे करून देतात. प्रत्यक्षात हा कागद दोन गाव नमुन्यांची जोड आहे : नमुना 7, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि नमुना 12, म्हणजे पिकांची नोंद. गावदप्तराचे नमुने शेतसारा नीट वसूल व्हावा म्हणून घडत गेले, आणि सारा कोणाकडून घ्यायचा हे सांगणारा कागद हळूहळू लोकांच्या मनात मालकीचा कागद झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे गृहीतक दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण ते गृहीतकच आहे. केवळ फेरफार नोंदीमुळे मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, 2021 मध्येही, स्पष्ट केले आहे.

मालकी जन्मते ती अन्यत्र. खरेदीखताची गोष्ट घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 आणि नोंदणी अधिनियम, 1908 एकत्र वाचले, तर 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकताना नोंदणीकृत दस्त लागतो. साठेखत हा विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे; आणि साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र अशी मोट बांधून केलेल्या व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सूरज लॅम्प' प्रकरणात ठरवले. उतारा पाहताना भूधारणा पद्धतीचा रकानाही वाचावा. तेथे 'भोगवटादार वर्ग 2' असेल, तर अशी जमीन विकण्यावर बंधने असतात आणि बहुधा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

[दृश्य : उताऱ्यावरील एका नावापुढची 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे.]

ही तीन अक्षरे अनेक घरांतील वादाचे मूळ आहेत. 'एकत्र कुटुंब मॅनेजर' हा त्यांचा अर्थ. वडील वारल्यावर थोरल्या भावाचे नाव लागले, कारण कोणाचे तरी लागायला हवे होते. बाकीचे भाऊ आणि बहिणी कागदावर आलेच नाहीत. पुढच्या पिढीत ही अक्षरे नव्या उताऱ्यावर उतरवायची राहिली, की थोरल्याची मुले स्वतःला एकमेव मालक समजू लागतात. पण नाव नसल्याने हिस्सा बुडत नाही, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा साधारणपणे सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या व्यक्तीला वगळले गेल्याचे कळल्यापासून 12 वर्षांच्या आत दावा लावता येतो.

बहिणींच्या बाबतीत कायदा कागदापेक्षा बराच पुढे गेला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला सहदायिकाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच हिस्सा असणाऱ्याचा, हक्क दिला, मात्र त्या वेळी विवाहित असलेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, कारण मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असा निकाल 11 ऑगस्ट 2020 रोजी 'विनीता शर्मा' प्रकरणात लागला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र याने धक्का लागत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा विचार वेगळा आहे : ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी सारखेच वारस असतात.

तरीही बहिणीचे नाव उताऱ्यावर चढते आणि थोड्याच दिवसांत त्याला कंस पडतो. या दोहोंच्या मध्ये असते हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून केलेली ती सही स्वेच्छेची होती की नाही, हे कोणताही नमुना विचारत नाही. कायदा इतकेच पाहतो, की असे हक्कसोडपत्र लेखी आणि नोंदणीकृत असावे. तलाठ्यासमोर दिलेला साधा जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही.

[दृश्य : चावडीवरील फलक, त्यावर लावलेली नोटीस.]

तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार नोंदवतात तेव्हा चावडीवर त्याची प्रत लागते आणि हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. लोक तिला 'नमुना 9 ची नोटीस' म्हणतात. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते; न आली, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सासरी राहणाऱ्या बहिणीने आपला पत्ता तेथे कळवून ठेवला नसेल, तर ही नोटीस माहेरच्याच दारात येते आणि ती स्वीकारणारा हात बहुधा भावाचा असतो. नोंद प्रमाणित झाल्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मालकीचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतो.

[दृश्य : पुन्हा पहिला उतारा. एक बोट वर्तुळातील क्रमांकावर.]

म्हणून तहसील कार्यालयात जाऊन मागायची ती या क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल, आणि त्यात उल्लेखलेल्या आधीच्या फेरफाराचीही. या उताऱ्यातील तिसरा कंस अशाच नकलेतून उलगडला, तर तिथे खरेदीखताचा दस्त क्रमांक असेल, वारसांची यादी असेल, किंवा फक्त 'जबाबावरून नाव कमी केले' एवढीच एक ओळ असेल.