शिक्षा बापाला, स्तोत्रं लेकीला

मंडळी, २२ जून १६३३ चा प्रसंग आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेला आहे. रोममधल्या मिनर्व्हाच्या मठात एकोणसत्तर वर्षांचा गॅलिलिओ गुडघे टेकून कबूल करतो, की पृथ्वी फिरते हे मत मी सोडलं. उठताना तो ‘तरी ती फिरतेच’ असं पुटपुटला, हे मात्र पुढे कुणीतरी रचलेलं. छान आहे, पण त्या काळच्या कागदांत नाही.

निकालात तीन गोष्टी होत्या. पृथ्वी फिरते असं मांडणाऱ्या त्याच्या ‘संवाद’ या पुस्तकावर बंदी आणि कैद, या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरीकडे फारसं कुणी बघत नाही: तीन वर्षं, दर आठवड्याला एकदा, पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. ती म्हणायचं काम गॅलिलिओच्या थोरल्या मुलीनं स्वतःकडे घेतलं. ती नन होती. ऑक्टोबरमध्ये तिनं वडिलांना कळवलं, की तुमचा तेवढा त्रास वाचावा म्हणून मी कधीच सुरुवात केलीय.

आता बघा, खटला चर्चनं भरलेला, शिक्षा चर्चनं दिलेली, आणि ती भोगायला पुढे झाली चर्चचीच एक नन. विज्ञान एका तंबूत आणि धर्म दुसऱ्या तंबूत, अशी मांडणी आपण करतो ना, ती या घराला लागू पडत नाही. गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता. १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याचं म्हणणं एवढंच, की बायबल आणि सृष्टी दोन्ही एकाच देवाची, तेव्हा त्यांत खरा विरोध असणार नाही. विरोध दिसला तर आपल्या वाचण्यात काहीतरी चुकतंय. घरात भांडण नव्हतंच. भांडण होतं ते बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाचा, यावरून. हा खटला चालवणारं ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्माविरुद्धच्या मतांची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय; गोव्याकडच्या मंडळींना ते मी सांगायला नको. तिथलं पोर्तुगिजांचं, हे रोमचं, दफ्तरं वेगळी, पण धाक तोच.

या मुलीचं मूळ नाव व्हर्जिनिया. जन्म ऑगस्ट १६००, पादुआत. आई व्हेनिसची मारिना गाम्बा. तिचं आणि गॅलिलिओचं लग्न झालेलं नव्हतं. पाठीवर लिव्हिया आणि मग मुलगा विंचेन्झो. वडील वारल्यापासून गॅलिलिओ बहिणींच्या हुंड्याचे हप्ते फेडत होता, वाटा उचलायचं कबूल केलेल्या धाकट्या भावानं हात वर केलेले. हे चित्र आपल्याला नवीन नाही. त्यात या दोन मुली अनौरस. १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र जगाला दाखवून तो फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा मानकरी झाला, त्या शहरात आला, आणि १६१३ मध्ये दोन्ही मुलींना त्यानं शहराबाहेर आर्चेत्रीच्या सान मात्तेओ मठात ठेवलं. एक तेरा वर्षांची, दुसरी बाराची. १६१६ मध्ये थोरलीनं व्रत घेतलं आणि नाव लावलं मारिया चेलेस्ते. चेलेस्ते म्हणजे आकाशातली. पुढच्या वर्षी धाकटी अर्कांजेला झाली. मुलाला मात्र १६१९ मध्ये सरकारदरबारी औरस ठरवून घेतलं गेलं.

मठ क्लॅरा पंथाचा, म्हणजे दारिद्र्याचं व्रत, आणि खरोखरचंच दारिद्र्य. एकदा आत गेलेली बाई बाहेर येत नसे. मारिया चेलेस्ते मठाचं औषधखातं बघायची. तिची १२४ पत्रं आज उपलब्ध आहेत, १६२३ ते १६३३ या दहा वर्षांतली. तत्त्वज्ञान शोधायला जाल तर निराश व्हाल. वडिलांच्या कॉलरी धुऊन पाठवल्यात, त्यांच्या पत्रांच्या नकला करून ठेवल्यात, मठाचं घड्याळ बंद पडलंय ते बघता का, असा सगळा मजकूर. घड्याळ गॅलिलिओनं दुरुस्त करून दिलं. एका डिसेंबरात तिनं पाकवलेलं महाळुंग आणि दोन भाजलेली पेअर पाठवली, आणि सोबत एक गुलाब. ऐन थंडीत फुललेला, म्हणून त्याचं अप्रूप.

१६३० मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा तिनं वडिलांना एक चाटण करून पाठवलं. सुके अंजीर, अक्रोड, सतापीची पानं, मीठ, सगळं मधात कालवलेलं. सकाळी उपाशीपोटी अक्रोडाएवढी गोळी घ्यायची, वर चांगल्या वाइनचा घोट. आपल्या आजीच्या बटव्यात शोभावं असं औषध. आणि खरा उपाय म्हणून पापांची कबुली आणि देवाची कृपा. दोन्ही एकाच पत्रात, आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. आपल्यालाही वाटायचं कारण नाही. औषध घेऊन अंगारा लावणारी माणसं आपण रोज बघतो.

१६३१ मध्ये वडिलांसाठी मठाजवळच घर शोधायला तिनंच मदत केली. ‘इल जोयेल्लो’ नावाचं ते घर मठापासून अगदी हाकेच्या अंतरावर. पुढच्याच वर्षी ते ‘संवाद’ पुस्तक निघालं, पोप आठवे अर्बन खवळले, आणि १६३३ च्या फेब्रुवारीत गॅलिलिओ रोमला पोचला. तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत घर चालवलं ते मठाच्या भिंतीआडून हिनं. बागेचा, वाइनच्या पिंपांचा, देण्याघेण्याचा हिशेब ती लिहून पाठवते. खेचर इतकं माजलंय, की तुमच्याशिवाय कुणाला पाठीवर बसू देत नाही. बागेतली उरलीसुरली लिंबं विकली, दोन लिरा आल्या, त्यांतून तुमच्यासाठी तीन मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, म्हणवून घेतल्या.

या पत्रांत एक जागा आहे, तिथे मी दर वेळी थांबतो. खटला अगदी निकराला आला असताना गॅलिलिओचे दोन स्नेही घराच्या किल्ल्या मागायला आले. घरात काय काय कागद होते कुणास ठाऊक. इन्क्विझिशनचे लोक येण्याआधी आवराआवर करायची होती. तिनं किल्ल्या दिल्या. नंतर वडिलांना लिहिते, तुमच्यावर आणखी मोठं संकट यायला नको म्हणून ते मला गरजेचं वाटलं, मग मी नाही कशी म्हणणार? चर्चच्या न्यायालयापासून कागद लपवण्यात मदत करणारी ही तीच नन, जी दोन-तीन महिन्यांनी त्याच न्यायालयानं सांगितलेली स्तोत्रं म्हणतेय. यात ढोंग शोधू नका. चर्चची आज्ञा ती मनापासून मानत होती. वडील दोषी आहेत हे तिनं मानल्याचं मात्र मला एकाही पत्रात दिसत नाही.

निकालानंतर गॅलिलिओला सिएन्नाच्या आर्चबिशपांकडे ठेवलं होतं. माझं नाव जिवंतांच्या यादीतून खोडलंय, असं त्यानं खचून लिहिलं. तिनं उत्तर दिलं, तसं म्हणू नका. क्षणभर ग्रहण लागलं असेल, आता तुम्ही पुन्हा उजळ झालात. ज्योतिर्विदाची मुलगी!

डिसेंबर १६३३ मध्ये तो घरी परतला, नजरकैदेत. पण लेकीला भेटायला जाता येत होतं. पुढचे तीनच महिने. तिला हगवण लागली. एके दिवशी तिला बघून तो वैद्याबरोबर पायी घरी निघाला, आणि वैद्यानं वाटेतच सांगितलं, की उद्याचा दिवस काही ती काढत नाही. घरी येतो तर इन्क्विझिशनच्या वतीनं आलेला माणूस वाट बघत बसलेला. त्याचा निरोप: फ्लॉरेन्सला परत जाऊ द्या असा अर्ज पुन्हा केलात तर इथून उचलून खऱ्या तुरुंगात टाकू. हे गॅलिलिओनं स्वतः एका मित्राला लिहून ठेवलंय. एकाच संध्याकाळी या दोन गोष्टी! ती २ एप्रिल १६३४ ला गेली, तेहतिसाव्या वर्षी. त्या महिन्याअखेरच्या एका पत्रात तो म्हणतो, की ती मला सारखी हाका मारतेय असं ऐकू येतं.

तो पुन्हा कामाला लागला. ‘दोन नवी शास्त्रं’ हा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला, तोवर त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ ला तो वारला. तिची पत्रं त्यानं जपली म्हणून आपल्याला मिळाली. त्याची तिला गेलेली पत्रं मिळत नाहीत; शिक्षा झालेल्या माणसाचे कागद नकोत म्हणून मठात कुणी नष्ट केले असावेत, असा तर्क आहे.

मारिया चेलेस्तेची पत्रं वाचताना बापाला सगळं माफ करायचा मोह होतो. ती प्रेमळ, हुशार, तक्रार न करणारी, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलींना आयुष्यभरासाठी आत ठेवणं हेही आपल्याला गोड वाटायला लागतं. मला हे पटत नाही. अर्कांजेलाही त्याच मठात होती. बहिणीच्या पत्रांत ती दिसते ती सतत आजारी, स्वभावानं विचित्र, कुणाशी न जुळणारी. तिचं स्वतःचं वडिलांना लिहिलेलं एकही पत्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. ती १६५९ पर्यंत जगली, वडिलांच्या मागे सतरा वर्षं. गॅलिलिओचा बाप म्हणून हिशेब कुणाला मांडायचाच असेल, तर त्यानं आधी धाकटीचं खातं उघडावं.