खुब्याची तपासणी : बाळ, डॉक्टर आणि जवळ उभे असलेले आपण

(दृश्य : तपासणीचं टेबल. उताणं निजवलेलं बाळ, गुडघे दुमडलेले. डॉक्टरांचे दोन हात.)

डॉक्टर आधी तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणतात, मगच बाळाला हात लावतात. गार हात लागला की बाळ दचकतं, मांड्या आखडून घेतं. आणि मांड्या आखडल्या की ही तपासणी करून न केल्यासारखीच.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं. ते कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत बसतं. काही बाळांची उखळी उथळ राहते, काहींच्या सांध्याभोवतीचे बंध सैल असतात. मग तो गोळा नीट ठरत नाही. कधी काठाशी सरकतो, कधी पूर्ण बाहेरच राहतो. तान्ह्या बाळाला याने दुखत नाही. ते दूध पितं, पाय झाडतं, हसतं. घरात कुणाला शंकासुद्धा येत नाही. म्हणूनच मुद्दाम तपासून बघावं लागतं.

(दृश्य : डॉक्टरांची बोटं, अगदी जवळून.)

एका वेळी एकच पाय. अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, बोटं बाहेर, खुब्याच्या उंचवट्यावर. मांडी थोडी आत आणून हलकेच मागे दाबायची आणि गोळा बाहेर सरकतो का ते पाहायचं. ही पद्धत इंग्लंडमधल्या डॉक्टर बारलो यांनी १९६२ साली मांडली. मग मांडी बाहेरच्या अंगाला उघडत बोटांनी किंचित उचलायची. निसटलेला गोळा परत आत आला, तर बोटांना एक स्पष्ट धक्का जाणवतो. ही खूण इटलीतल्या मारिनो ऑर्तोलानी या बालरोगतज्ज्ञांनी १९३७ साली वर्णन केली. आज सोनोग्राफी हाताशी आहे, तरी प्रत्येक नवजात बाळाची पहिली तपासणी याच दोन हालचालींनी होते.

नुसता ‘कट्’ असा आवाज आला म्हणून घाबरू नका. स्नायूंचे बंध हाडावरून सरकतानाही तो येतो. दोन मांड्यांवरच्या वळ्या सारख्या नसणं तर कितीतरी निरोगी बाळांमध्ये दिसतं. पण एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नसेल, किंवा गुडघे दुमडून धरल्यावर एक गुडघा खाली राहत असेल, तर ते डॉक्टरांच्या नजरेला आणलंच पाहिजे.

या खोलीत आई-बाबा अनेकदा भिंतीशी उभे दिसतात. डॉक्टरांच्या कामात आपली लुडबुड नको, असं त्यांना वाटतं. मला हे अगदी चुकीचं वाटतं. रडणाऱ्या बाळाचे स्नायू इतके ताठरतात की सैल सांधासुद्धा घट्ट भासतो. बाळ शांत राहिलं तरच बोटांना खरं काय ते कळतं. आणि बाळाला शांत ठेवणं आई-बाबांइतकं कुणालाच जमत नाही. तेव्हा टेबलाच्या उशाशी उभं राहा, बाळाला तुमचा चेहरा दिसेल इतक्या जवळ. नव्या बाळाला वीतभर अंतरावरचंच बरं दिसतं. रोजच्या आवाजात बोला. ते फारच रडायला लागलं तर “जरा थांबू या, मी त्याला पाजून घेते,” असं बिनदिक्कत म्हणा. चांगले डॉक्टर थांबतात.

(दृश्य : सोनोग्राफीची खोली. कुशीवर निजवलेलं बाळ, पडद्यावर करडी चित्रं.)

शंका असली, बाळ पोटात पायाळू असलं, किंवा आई-वडिलांना, भावंडाला हा त्रास झालेला असला, तर सोनोग्राफी सांगतात. बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास. इतके दिवस थांबायचं म्हटलं की जीव टांगणीला लागतो, पण त्याला कारण आहे. जन्मतः सैल असलेल्या खुब्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात आपोआप स्थिरावतात आणि दोन महिन्यांत हे प्रमाण ८८ टक्क्यांवर जातं, असं बारलो यांनाच आढळलं होतं. फार लवकर पाहिलं तर जे मुळात सुधारणारच आहे, त्यावरही उपचार सुरू होण्याची भीती. मात्र तपासणीतच खुबा निसटलेला आढळला, तर डॉक्टर सहा आठवडे वाट पाहत नाहीत.

एक्स-रे का नाही, असं पालक हमखास विचारतात. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा कुर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ अशा भागाचा असतो आणि कुर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास त्यात हाड धरू लागतं, तेव्हा एक्स-रे उपयोगी पडतो. ऑस्ट्रियातल्या डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनी १९८०च्या सुमारास सोनोग्राफीने उखळीचा उतार मोजायची रीत बसवली. अहवालात ‘अल्फा’ म्हणून जो कोन लिहितात, तो हाच. साठ अंश किंवा जास्त असेल तर उखळी नीट तयार झाली आहे, असं धरतात.

हा कोन पडद्यावर क्षणभर स्थिर मिळावा लागतो. बाळाने पाय झाडला की चित्र गेलं. म्हणून जाण्याआधी थोडी आखणी करा. पाजण्याची वेळ अशी धरा की आत शिरताना पोट भरलेलं असेल. कमरेखालचे कपडे पटकन निघतील असे घाला. जास्तीचा लंगोट आणि बाळाचं रोजचं दुपटं जवळ ठेवा. जेल गार लागतं, ते आधी कोमट करता येईल का, हे विचारायला संकोच करू नका. तपासणी चालू असताना एक हात बाळाच्या खांद्यावर राहू द्या. यात किरणोत्सर्ग नसतो, दुखत तर मुळीच नाही.

एक्स-रेची वेळ आली तर कंबर सरळ आणि पाय सारखे धरावे लागतात. कंबर तिरकी झाली की चित्र फसवं येतं आणि परत काढावं लागतं. धरायला पालकांनाच बोलावतात, शिशाचा एप्रन देतात. आई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर तिने आधीच सांगावं आणि दुसऱ्या कुणाला आत पाठवावं.

(दृश्य : बाहेरचा बाक. मांडीवर बाळ घेतलेली आई.)

निकाल येईपर्यंत आईच्या मनात एकच घोळत असतं : माझ्या हातून काय झालं? बाळाला उचलण्यात, पाजण्यात, मांडीवर घेण्यात काही चुकलं म्हणून हे होत नाही. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, पहिल्या बाळात जास्त, आणि डाव्या खुब्यात जास्त. पोटातली जागा, बाळाची तिथली बैठक, घराण्यात चालत आलेला दोष, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. ही गोष्ट तिला घरच्यांनी स्वतःहून सांगावी, तिने विचारण्याची वाट पाहू नये.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणं खुब्याला घातक आहे. जपानमध्ये १९७५च्या सुमारास हे टाळण्याची मोहीम निघाली आणि तिथलं या दोषाचं प्रमाण खूप घटलं. गुंडाळायचंच असेल तर छातीशी बेताचं, कमरेखाली सैल. गुडघे वर दुमडून बाहेर उघडता आले पाहिजेत. आणि डॉक्टरांनी केलेल्या त्या दोन हालचाली घरी कुणीही करून बघू नयेत, कितीही अनुभवी माणूस असलं तरी.

(दृश्य : पट्टे बांधलेलं बाळ पाय हलवतं आहे.)

उपचार लागलाच, तर लहान वयात बहुतेकदा पाव्हलिक यांचे पट्टे बांधतात. झेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांनी ते बनवले. मांड्या दुमडून उघड्या राहतात, गोळा उखळीत टेकून राहतो आणि बाळ पाय हलवूही शकतं. पट्टे स्वतः सैल-घट्ट करायचे नाहीत. आणि रोज लंगोट बदलताना एक पाहायचं : बाळ गुडघा झटकून सरळ करतं ना? ते थांबलं तर पट्ट्याचा ताण नसेवर आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

निकाल चांगला आला तरी अहवाल जपून ठेवा. पायाळू असलेल्या बाळाचा सहा महिन्यांच्या सुमारास एक एक्स-रे काढावा, असं बरेच डॉक्टर सांगतात. तो टाळू नका. आणि मूल चालायला लागल्यावर लंगडत असेल, एकाच पायाच्या चवड्यावर टेकत असेल किंवा बदकासारखं दोन्हीकडे झुकत चालत असेल, तर “अजून नवीन आहे, जमेल” म्हणून दिवस घालवू नका. तो जुना अहवाल घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.