पेडल आणि चाक यांच्यामधली रबरी नळी

चिपळूणमधल्या एका गॅरेजमध्ये उभी असलेली ही मारुती ८०० मोटार २००४ सालची आहे. घरातल्या दोन पिढ्या हिच्यावरच गाडी चालवायला शिकल्या आणि अजूनही वर्षातून चार-पाच वेळा ती कुंभार्ली घाट ओलांडून कऱ्हाडला जाऊन येते. गेल्या खेपेला घाट उतरून पोफळीला थांबल्यावर पुढच्या डाव्या चाकापाशी करपट वास येऊ लागला, चाकाजवळ हात नेववत नव्हता आणि पुढे सपाट रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत राहिली. त्यानंतर ब्रेकचे पॅड बदलून झाले, कॅलिपरच्या (म्हणजे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून झाले. चार दिवस बरे गेले की तक्रार पुन्हा हजर होई. ज्या भागाकडे कोणी पाहिले नव्हते, तो भाग म्हणजे चाकाच्या मागे लोंबणारी ब्रेकची ही काळी नळी, जिला गॅरेजमध्ये होज पाइप म्हणतात.

ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडर या पंपातल्या द्रवावर दाब येतो आणि तो पोलादी नळ्यांमधून प्रत्येक चाकाकडे जातो. परंतु चाक खड्ड्यागणिक वर-खाली होत असल्यामुळे, आणि पुढचे चाक तर दोन्ही बाजूंना वळतही असल्यामुळे, शेवटचा वीत-दोन वितींचा टप्पा लवचीक ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. जोराने ब्रेक मारला असता टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब या नळीला सोसावा लागतो. म्हणूनच ती साध्या रबराची नसते. आत द्रवाला न विरघळणारे अस्तर, त्यावर घट्ट विणलेल्या धाग्यांचे थर आणि सर्वांत बाहेर ऊन, पाणी, चिखल झेलणारे आवरण अशी तिची रचना असते, आणि दोन्ही टोकांना धातूच्या कड्या दाबून बसवलेल्या असतात.

मारुती ८०० चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले, म्हणजे या जातीची सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आज दहा वर्षांहून जुनी आहे. रबर किलोमीटर मोजत नाही. अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचेही रबर वाळतच असते, आणि कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत नळीच्या धातूच्या टोकांना आणि तिला धरणाऱ्या ब्रॅकेटला गंज चढतो.

बाहेरून तपासणी करताना फिटर नळी बोटांमध्ये धरून हळूच वाकवतो, कारण सरळ अवस्थेत मिटलेल्या भेगा वाकवल्यावरच तोंड उघडतात. त्यानंतर तो कडीजवळचा ओलसरपणा, टायर घासल्याची खूण आणि फुगवटा शोधतो. फुगवटा पाहण्यासाठी मदतनिसाला पेडल दाबून धरायला सांगावे लागते. यांपैकी एकही खूण आढळली, तर चर्चा न करता नळी बदलावी.

या गाडीच्या नळीवर मात्र यातले काहीच नव्हते आणि खरी गोम तिथेच होती. आतले अस्तर फुगले किंवा त्याचा पापुद्रा सुटला, तर नळी एकमार्गी दारासारखी वागू लागते: पायाचा जोर मोठा असल्यामुळे द्रव चाकाकडे ढकलला जातो, परंतु परत येताना त्याला तेवढा जोर नसतो, आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरलेलाच राहतो. दोष कॅलिपरचा की नळीचा, हे ठरवण्याची रीत साधी आहे. चाक उचलून, ब्रेक एकदा दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवून पाहायचे. ते अडकले असेल, तर नळीच्या वरच्या टोकाचा पोलादी पाइपचा नट किंचित सैल करायचा. त्याने चाक सुटले, तर खोट मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. सुटले नाही, पण कॅलिपरवरचे निपल (द्रव आणि हवा बाहेर सोडण्याचे छोटे तोंड) उघडताच चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब नळीतच कोंडलेला होता. निपल उघडूनही चाक हलले नाही, तरच कॅलिपरला दोष द्यावा. या गाडीत चिळकांडी उडाली. आमच्या मते, पॅडवर पैसे खर्च करण्याआधी ही पाच मिनिटांची परीक्षा व्हायला हवी होती.

आता बदलाचे काम. गाडी केवळ जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवली आहे आणि मागच्या चाकांना ओंडके लावले आहेत. पाइपच्या नटावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, कारण साध्या पान्याने हा नट गोल झाला की पोलादी पाइपही बदलावा लागतो. पाइपच्या नटासाठी वेगळा, जवळपास सर्व बाजूंनी पकड घेणारा पाना मिळतो. नट सुटल्यावर ब्रॅकेटमधली क्लिप ओढून काढली जाते आणि नळी कॅलिपरला जोडणारा खालचा पोकळ बोल्ट, म्हणजे बँजो बोल्ट, उघडला जातो. त्याच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर प्रत्येक वेळी नवीच घालावीत, कारण एकदा चेपलेले तांबे दुसऱ्यांदा तशी गच्च पकड देईलच असे नाही. नव्या नळीवर लांबीभर रेघ छापलेली असते आणि ती शोभेसाठी नसते. नळी बसवल्यावर रेघ पिळलेली दिसली, तर नळीलाही पीळ पडला आहे. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही आणि टायरला लागत नाही, याची खात्री केली जाते.

उजवी नळी तपासणीत निर्दोष ठरली, तरी तीही बदलली, कारण दोघींचे वय एकच आहे.

ज्याला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, ते तेल नव्हे. हे नाव ऐकून कोणी ब्रेकच्या द्रवाच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर यंत्रणेतले सगळे रबर फुगून निकामी होते. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो: डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ती मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून सीलबंद डबाच वापरला आहे आणि बॉनेटवर पडलेला थेंब तत्काळ पाण्याने धुतला आहे, कारण तो रंग खातो.

एअर, म्हणजे काम करताना नळ्यांत शिरलेली हवा, काढताना मदतनीस पेडल दाबून धरतो, निपल उघडते, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येतात, निपल बंद होते आणि मगच पाय उचलला जातो. टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला आहे, कारण जुन्या मास्टर सिलिंडरचे सील आजवर न पोहोचलेल्या खरबरीत भागावर गेले, तर फाटू शकते.

पेडल आता वरच घट्ट लागते आणि डावे चाक बोटाने फिरते. कापलेल्या जुन्या नळीचे आतले भोक जेमतेम सुई जाईल एवढे उरलेले दिसते. गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून आणल्यानंतर रात्रभर दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. सकाळी कागद कोरडा होता.