कॅप्टनची खुर्ची एकच असते

पडद्यावरच्या छायाचित्रातला हा पारदर्शक पिरॅमिड जरा निरखून पाहा. त्याच्या पोटात जळक्या कागदाचे तुकडे आहेत आणि त्यांवरची अक्षरे जुळवली, तर 'डायाना जोन्स' असे नाव हाती लागते. या नावाची कोणी व्यक्ती नव्हती. मूळ नाव 'इंडियाना जोन्स' असे होते. त्यातली पहिली दोन रोमन अक्षरे तेवढी आगीने खाल्ली. टीएसआर या अमेरिकन कंपनीने 1984 साली या चित्रपट-नायकावर टेबलाभोवती बसून खेळायचा एक भूमिकाखेळ काढला. तो चालला नाही, नायकाचे नाव वापरण्याचा परवाना संपल्यावर उरलेल्या प्रती नष्ट करणे भाग पडले, आणि कंपनीच्या ब्रिटनमधल्या कार्यालयातल्या मंडळींनी त्या जाळताना काही तुकडे आठवण म्हणून राखून ठेवले, असे सांगितले जाते. 2001 पासून खेळांच्या क्षेत्रातल्या उत्तम कामासाठी याच नावाचा पुरस्कार दिला जातो, आणि हा पिरॅमिड म्हणजे त्याचे मानचिन्ह.

इंडियाना जोन्स काही विज्ञानकथेचा नायक म्हणून ओळखला जात नाही. तरीही विज्ञानकथांवरच्या भूमिकाखेळांविषयी बोलताना सुरुवात त्याच्यापासून केली, कारण त्या खेळाचे दुखणे पुढे अंतराळातल्या कित्येक कथांना जडले. मूळ खोक्यात खेळाडूंना इंडियाना किंवा त्याच्या ठरावीक सोबत्यांपैकी कोणीतरी व्हायची मुभा होती. आपले स्वतःचे पात्र घडवण्याचे नियमच त्यात दिलेले नव्हते.

टेबलावरच्या भूमिकाखेळाची गंमत तर नेमकी तिथेच असते. चारपाच माणसे एकत्र बसतात, एकजण सूत्रधार होतो आणि परिस्थिती सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते ठरवतात, आणि निकालाबद्दल शंका असली की फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला, तेव्हा त्या खेळाला स्वतःची कथा अशी नव्हतीच. भुयार होते, राक्षस होते, खजिना होता; नायकाची जागा रिकामी होती आणि ती भरण्यासाठीच खेळाडू येत होते. लोकप्रिय चित्रपटमालिकांचे नेमके उलटे असते. तिथे नायक ठरलेला असतो, शत्रू ठरलेला असतो, शेवटही प्रेक्षकांना तोंडपाठ असतो. महाभारत खेळायला बोलावून आपल्याला कौरवसेनेतला तिसऱ्या रांगेतला शिपाई दिला, तर आपण किती वेळ मन लावून खेळू, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. शिकागोच्या एका कंपनीने 1982 साली तिच्यावरचा खेळ प्रसिद्ध केला. कंपनीचे नाव 'फासा'. मराठी कानाला ते अगदी चपखल वाटते, पण तो निव्वळ योगायोग आहे. खेळ कष्टाने रचलेला होता. पात्र तयार करताना अकादमीतले शिक्षण, प्रशिक्षणाची सफर, मग वेगवेगळ्या यानांवरची सेवा असे एकेक टप्पे पार करावे लागत, आणि यानांच्या लढाईत प्रत्येक खेळाडूसमोर त्याच्या हुद्द्याप्रमाणे स्वतंत्र नियंत्रण-फलक ठेवला जाई. कोणी सुकाणू धरायचे, कोणी इंजिनची शक्ती वाटून द्यायची. हे फलक हौसेखातर दिलेले नव्हते. कॅप्टनने हुकूम सोडायचे आणि बाकीच्यांनी 'होय, साहेब' म्हणायचे, एवढेच टेबलावर उरले असते, तर ती सगळी संध्याकाळ एकाच माणसाची झाली असती. लष्करी शिस्तीच्या कथेत कॅप्टनची खुर्ची एकच असते आणि खेळायला आलेल्या प्रत्येकाला थोडे तरी कॅप्टन व्हायचे असते, हा पेच त्या फलकांनी लढाईपुरता सोडवला. लढाई संपली की तो पुन्हा उभा राहत असे.

त्यात आणखी एक अडचण होती. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये जोखीम का पत्करायची, याचे उत्तर सोपे असते: सोने मिळते, पात्राची पातळी वाढते, नवी तलवार हाती येते. 'स्टार ट्रेक'च्या आदर्श भविष्यात पैशाचा लोभ मागे पडला आहे, यानावरची उत्तमोत्तम शस्त्रे पहिल्या दिवसापासून हाताशी आहेत, आणि परक्या संस्कृतींच्या जडणघडणीत ढवळाढवळ करायची नाही हा सर्वोच्च नियम आहे. कथेत याच नियमामुळे सुंदर नैतिक पेच निर्माण होतात. खेळाडूंना मात्र त्यातून आधी एवढाच बोध होतो की, येथे हात लावायचा नाही. शिवाय माणसांना क्षणार्धात इकडून तिकडे पोहोचवणारे ते यंत्र! पात्रे संकटात सापडली की पहिला खेळाडू लगेच म्हणतो, "यानाला सांगा, आम्हाला वर घ्या." मालिकेच्या लेखकांनाही ही अडचण होती, म्हणून ते यंत्र भागाभागांतून सोयीस्करपणे बिघडत राहिले. लेखकाने असे केले तर प्रेक्षक समजून घेतो. सूत्रधाराने तिसऱ्यांदा केले की टेबलावरचे लोक हसू लागतात.

पण फासा कंपनीच्या खेळाला सर्वांत मोठा धक्का बसला तो नियमांमुळे नव्हे. मूळ मालिका 1969 सालीच थांबली होती आणि क्लिंगन या शत्रूजमातीविषयी पडद्यावर फारच थोडे सांगितले गेले होते. जॉन एम. फोर्ड या लेखकाने ती उणीव भरून काढली. 1983 सालच्या खेळाच्या पुस्तकात आणि 1984 सालच्या कादंबरीत त्याने क्लिंगनांना डावपेच, दरबारी राजकारण आणि बुद्धिबळासारखा स्वतःचा पटावरचा खेळ असलेली एक गंभीर संस्कृती बहाल केली. वाढत जाणारे साम्राज्य तेवढेच जिवंत, वाढ थांबली की मरण सुरू, असे त्या संस्कृतीचे तत्त्वज्ञान होते. मग 1987 साली नवी मालिका सुरू झाली, एक क्लिंगन अधिकारीच यानाच्या नियंत्रण-कक्षात येऊन उभा राहिला, आणि त्याच्यासोबत प्रतिष्ठेपायी प्राण देणाऱ्या रांगड्या योद्ध्यांची निराळीच संस्कृती अधिकृत ठरली. फोर्डचे क्लिंगन अधिक रंजक होते, असे माझे मत आहे. परंतु मालमत्ता ज्याची, कथा त्याची. 1989 मध्ये फासाचा परवानाही संपला.

पुढची कहाणी घर बदलत राहण्याची आहे. 1998 साली लास्ट युनिकॉर्न, 2002 साली डिसायफर, 2017 साली मोडिफियस, अशा एकेका कंपनीने 'स्टार ट्रेक'चा खेळ काढला. दर वेळी नवे नियम, नवी पुस्तके आणि जुन्या पुस्तकांवर पडदा. लास्ट युनिकॉर्नने 'ड्यून' या विज्ञानकादंबरीवरचाही खेळ तयार केला होता, पण 2000 साली ती कंपनीच विकली गेली आणि त्या देखण्या पुस्तकाच्या जेमतेम 3000 प्रती निघाल्या. भूमिकाखेळ दशकानुदशके जगतो तो एकाच नियमावलीभोवती जमलेल्या मंडळींमुळे. दर काही वर्षांनी परवान्यासोबत नियमावलीही बदलत राहिली, तर ती मंडळी टिकणार कशी?

आता या सगळ्याला अपवाद वाटावा, असा एक खेळ पाहू. वेस्ट एंड गेम्सने 1987 साली 'स्टार वॉर्स'वर खेळ आणला आणि तो खऱ्या अर्थाने गाजला. ग्रेग कॉस्टिकियन यांनी रचलेले नियम साधे होते: नेहमीचे सहा बाजूंचे फासे मूठभर घ्यायचे, टाकायचे, बेरीज करायची. पण मला त्याच्या यशाचे मोठे कारण निराळे वाटते. 1983 नंतर या मालिकेचा एकही नवा चित्रपट आलेला नव्हता आणि मालकांनाही पुढे काय घडले ते सांगण्याची घाई नव्हती. क्लिंगनांच्या वाट्याला न आलेली ती शांतता या खेळाला मिळाली. पडद्यावर क्षणभर दिसून गेलेल्या परग्रहवासीयांना जमातीची नावेच नव्हती, ती खेळाच्या लेखकांनी दिली. ट्वि'लेक आणि रोडियन ही आज अधिकृत असलेली नावे याच पुस्तकांतून आली. पुढे टिमथी झान यांनी 1991 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा संदर्भ म्हणून त्यांच्याकडे पाठवली गेली ती याच खेळाची पुस्तके. खेळाने मूळ मालिकेला असे उसने देण्याची वेळ क्वचितच येते.

तो खेळ 1998 साली थांबला. वेस्ट एंडच्या मालक-कंपनीचा मुख्य धंदा बुटांच्या आयातीचा होता, आणि दिवाळे निघाले तेव्हा दूरच्या आकाशगंगेचा परवानाही हातचा गेला.

एक जुना पेच मात्र त्या खेळालाही सुटला नव्हता. टेबलावर एकजण जेडाय, म्हणजे दिव्यशक्ती लाभलेला योद्धा, झाला की शेजारचा तस्कर आणि त्याच्याही पलीकडचा यानदुरुस्त्या करणारा तंत्रज्ञ हे दोघे प्रेक्षक होतात. फँटसी फ्लाइट या कंपनीने 2013 ते 2015 या काळात त्यावर थेट उपाय केला: सीमेवरचे भटके, बंडखोर सैनिक आणि दिव्यशक्तीचे साधक यांच्यासाठी तीन वेगळी मुख्य पुस्तके काढली. उपाय चांगला होता, फक्त सगळ्या प्रकारची पात्रे हवी असली, तर तिन्ही पुस्तके विकत घ्यावी लागत.

मला विशेष आवडतो तो 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरचा 2009 सालचा क्युबिकल सेव्हनचा खेळ. शेकडो वर्षांचा, जवळपास सर्वज्ञ असा डॉक्टर आणि त्याच्यासोबत लंडनच्या दुकानात काम करणारी तरुणी यांना एकाच टेबलावर कसे बसवायचे? येथे दोघांचे बळ समान करण्याचा खटाटोप केलेलाच नाही. कथेला अनपेक्षित वळण देण्यासाठी खर्च करायचे जे गुण असतात, ते सोबत्यांना डॉक्टरपेक्षा अधिक मिळतात. आणि झटापटीची वेळ आली की क्रम ठरलेला असतो: जो बोलणार आहे तो पहिला, मग धावणारा, मग काही कृती करणारा, आणि शस्त्र चालवणारा सर्वांत शेवटी. समोरचा यांत्रिक शत्रू बंदूक रोखून उभा असतो आणि नियमच सांगतो, आधी याचे बोलणे ऐकून घ्या.