पहिला पगार हातात पडेपर्यंत

(दृश्य: भोसरी एमआयडीसी, सकाळचे पावणेसात. पहिल्या पाळीचे कामगार गेटमधून आत जाताहेत.)

भोसरी, चाकण, हडपसर. विजेच्या खांबांवर 'मुले-मुली पाहिजेत, दहावी पास-नापास' असे कागद चिकटवलेले दिसतात. त्याच रस्त्यामागच्या वस्तीत काम हवं असलेली माणसं घरी बसलेली असतात. एकटीने घर चालवणारी बाई, आठवीत शाळा सुटलेला मुलगा, ऐकू न येणारी तरुणी, तुरुंगातून सुटून आलेला माणूस, तृतीयपंथी व्यक्ती. त्यांना मोफत किंवा नाममात्र फीमध्ये शिकवून नोकरीला लावणाऱ्या संस्था पुण्यात आहेत.

बऱ्याच कामांचं प्राथमिक कौशल्य दोन-तीन महिन्यांत शिकवता येतं. माणूस अडतो तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे कागदांपाशी. आणि पलीकडे, रुजू झालेल्या दिवसापासून पहिला पगार हातात पडेपर्यंत.

(दृश्य: टेबलावर प्लास्टिकची पिशवी उघडते. घड्या पडलेले कागद एकेक करून बाहेर येतात.)

शाळा सोडल्याचा दाखला: वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार कार्ड: नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पॅन कार्डावर मधलं नावच नाही. बँकेच्या पासबुकात पहिल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. बाई एकच, कागदांवर चौघी. तिला यात काही वावगं वाटत नाही, लग्नानंतर नाव बदलतंच. पण कंपनीत प्रॉव्हिडंट फंडाचं खातं काढताना आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी जुळावी लागते. जुळली नाही की फंडाचं काम अडतं, आणि बँकेतलं नाव वेगळं असेल तर पगारही लटकतो.

म्हणून चांगल्या केंद्रात पहिल्याच दिवशी चारही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल नंबर एका तक्त्यात उतरवतात. कुठला कागद कुणाशी जुळवायचा, ते मग ठरतं. इथे घाई नडते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. कुणीतरी अंदाजाने दुरुस्ती करून दिली की एक संधी वाया गेली. क्रम साधारण असा ठेवावा: आधी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, मग आधार, त्यानंतर पॅन, शेवटी बँक. यात आठवडे जातात. त्यामुळे अर्ज कोर्सच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा, शेवटच्या नव्हे. तृतीयपंथी व्यक्तींना २०१९च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. बाकीचे कागद त्याच्या आधारे बदलून घेता येतात.

बँकेचं आणखी एक आहे. 'खातं आहे' म्हटल्यावर बरेच जण पुढच्या मुद्द्याकडे वळतात. पण ते पुरेशा कागदपत्रांविना उघडलेलं छोटं खातं असेल, तर त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही. पगार तेरा हजार असेल तर आठव्या महिन्यात लाखाची मर्यादा ओलांडते आणि पगार अडतो, आणि तोवर खातं कसं उघडलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं. रुजू होण्याआधी शाखेत जाऊन केवायसी पूर्ण केली की हा प्रश्नच उरत नाही.

(दृश्य: कर्वेनगर, नंतर खडकी. जुन्या इमारती.)

गरजूंना शिकवून कामाला लावणं पुण्याला नवं नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन सुरू झालं, आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. या सगळ्यांनी शिकवण्याइतकाच विचार राहण्याजेवण्याचाही केला होता. आजच्या तीन महिन्यांच्या कोर्सात नेमका तोच भाग गळून पडतो.

(दृश्य: व्हर्नियर कॅलिपर जवळून. सरकती पट्टी थांबते.)

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. कारखान्यात तयार पार्ट मोजायचा आणि ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पाहायचा, हे तपासणीचं काम. बसून करता येतं, अंगमेहनत कमी, आणि बायका यात चांगल्या तयार होतात. हत्यार म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा, सरकत्या पट्टीवर पन्नास भाग, म्हणून तिच्या प्रत्येक रेघेची किंमत ०.०२ मिलिमीटर. सरकत्या पट्टीचा शून्य चोवीसच्या पुढे आणि पंचविसाच्या आत थांबला. तिची सतरावी रेघ मुख्य पट्टीवरच्या एका रेघेशी तंतोतंत जुळली. सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप २४.३४ मिलिमीटर.

हात यावर लवकर बसतो. मोजण्याआधी जबडे पुसायचे, मिटून शून्य शून्याशी जुळतो का ते पाहायचं, पार्ट आवळून धरायचा नाही. अडतं ते दशांश चिन्हापाशी. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्यांना १२.४ आणि १२.०४ एकच वाटतात. काहींना तर १२.०४ मोठं वाटतं, कारण त्यात आकडे जास्त. दोन्हींत फरक ०.३६ मिलिमीटरचा, ड्रॉइंगवर मापात ०.०५ मिलिमीटरच्या फरकाचीच सूट असेल तर असे पार्ट रिजेक्ट होतात, आणि दोष तपासणाऱ्या बाईवर येतो. फळ्यावर दशांशाचं गणित पुन्हा शिकवून फारसा उपयोग होत नाही. शाळेत जिथे सुटलं तिथेच पुन्हा सुटतं. त्याऐवजी दोन पार्ट हातात द्यावेत, एक १२.०४चा, दुसरा १२.४०चा. जोडीला १२.१०चं भोक पाडलेली पट्टी. पहिला पार्ट भोकातून जातो, दुसरा अडतो. हे एकदा बोटांना कळलं की आकडे वाचताना चूक होत नाही. ज्यांना पुढे सुपरवायझर व्हायचं आहे, त्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची तयारी याच काळात सुरू करून द्यावी.

(दृश्य: शॉप फ्लोअर. पिवळ्या पट्ट्या, मशीनवरचा लुकलुकणारा दिवा.)

ऐकू न येणाऱ्या कामगारासाठी कारखान्यात फार मोठे बदल लागत नाहीत. भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा हवा. फोर्कलिफ्टचा रस्ता जमिनीवर आखलेला हवा आणि बसण्याची जागा अशी हवी की त्या रस्त्याकडे पाठ होणार नाही. सुपरवायझरला सांकेतिक भाषेतल्या रोजच्या कामाच्या खुणा आधी शिकवाव्या लागतात. चिठ्ठ्यांवर काम भागत नाही. अंध उमेदवारासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मोफत मिळतो. पण कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याला वाचता येतं का, हे नेमणुकीच्या आधी त्यांच्याच संगणकावर बसून तपासायला हवं. टायपिंग उत्तम असलेला मुलगा लॉगिनच्या पानावरच्या चित्रातल्या अक्षरांपाशी अडतो. आणि एचआरमध्ये अनेकांना माहीत नसलेली एक तरतूद सांगायला हवी: ईएसआयची (कामगारांच्या आरोग्य विम्याची) पगारमर्यादा इतरांसाठी २१,००० रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५,०००.

तुरुंगातून आलेल्या माणसाला सुरक्षारक्षकाचं प्रशिक्षण देणं म्हणजे त्याचे तीन महिने फुकट घालवणं. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५च्या कायद्यात पूर्वचारित्र्याची पडताळणी बंधनकारक आहे. वेल्डिंग, बेकरी, सुतारकाम, दुचाकी दुरुस्ती या कामांत ती अट सहसा आडवी येत नाही. मुलाखतीच्या फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचायला शिकवावं लागतं. 'शिक्षा झाली आहे का' आणि 'गुन्हा दाखल आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खटला चालू असलेल्याचं, निर्दोष सुटलेल्याचं आणि शिक्षा भोगून आलेल्याचं उत्तर वेगवेगळं असतं. खोटं लिहायचं नाही. जे विचारलंय तेवढंच आणि खरं लिहायचं. लपवलेली गोष्ट पडताळणीत निघाली की नोकरी जातेच, आणि त्या कंपनीचं दार पुढच्या चौघांसाठी बंद होतं.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. २७ जूनवर गोल.)

आता पलीकडचा भाग. बऱ्याच कंपन्यांत हजेरी महिन्याच्या २६ तारखेपासून पुढच्या २५ तारखेपर्यंत धरतात आणि पगार त्यानंतरच्या ७ तारखेला होतो. २७ जूनला रुजू झालेल्या माणसाचा पहिला पगार ७ ऑगस्टला. मध्ये एक्केचाळीस दिवस. तोच माणूस २० जूनला रुजू झाला असता, तर ७ जुलैला सहा दिवसांचे का होईना पैसे आले असते. म्हणून रुजू होण्याची तारीख मागून घेता आली तर घ्यावी.

या दिवसांत खर्च थांबत नाही. जून २०२५च्या दरवाढीनंतर पीएमपी बसचा मासिक पास १,५०० रुपयांचा झाला. शिवाय डबा, सेफ्टी शूज, घरभाडं. मजूर अड्ड्यावर उभं राहणाऱ्याला संध्याकाळी रोख मिळत होतं. दोन आठवड्यांनी घरात पैसे संपले की तो पुन्हा अड्ड्यावर दिसतो, आणि कंपनी म्हणते, 'ही मुलं टिकत नाहीत.' यात आळशीपणा शोधणं अन्याय आहे. त्याने हिशेब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो. संस्थेने इथे पास काढून द्यावा, बूट घेऊन द्यावेत आणि ती रक्कम पहिल्या दोन-तीन पगारांतून बिनव्याजी परत घ्यावी. रोख देण्यापेक्षा वस्तू बऱ्या. रोख रक्कम घरच्या जुन्या उधारीत जाते.

दुसरा धक्का पगाराच्या स्लिपचा. पंधरा हजार ठरलेले असतात. त्यातला मूळ पगार बारा हजार धरला, तर फंडाचे १,४४० जातात, ईएसआयचे ११३, पुरुषाच्या पगारातून व्यवसाय कराचे २००. हातात १३,२४७. बाईला या पगारावर व्यवसाय कर नाही, तिच्या हातात १३,४४७. आधी सांगितलं नसेल तर 'पैसे कापले' एवढंच घरी पोहोचतं आणि पुढच्या आठवड्यात नोकरी सुटते. म्हणून कोर्समध्ये खरीखुरी स्लिप समोर ठेवून प्रत्येक रकाना वाचायला शिकवायचा. फंडात कंपनीही भर घालते, आणि ईएसआयमुळे घरच्यांनाही उपचार मिळतात, हे तिथेच सांगायचं.

(दृश्य: पहाटेचा बस थांबा. मुलाला कडेवर घेतलेली बाई.)

पहिली पाळी सातला सुरू होते, अंगणवाडी त्यानंतर उघडते. मधल्या तासांत मूल कुणाकडे? हा प्रश्न नोंदणीच्या फॉर्मवरच हवा, आणि त्याच्याखाली दुसरा: मुलाला ताप आला तर कोण थांबेल? दोन नावं मिळाल्याशिवाय सातच्या पाळीला पाठवू नये. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं कायद्याने मालकाचं काम आहे, ते संस्थेने नोकरी ठरवतानाच विचारावं. दुकानं, मॉल आणि आयटी कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७चा कायदा सांगतो की रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची. तृतीयपंथी कामगाराने कुठलं स्वच्छतागृह वापरायचं, हेसुद्धा रुजू होण्याआधी एचआरशी स्पष्ट बोलून ठरवावं. पहिल्या दिवशी गेटवर ठरवू म्हटलं की अपमान ठरलेला.

प्रत्येकाला नोकरीतच बसवायचं, हा हट्टही बरा नव्हे. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम तिच्याकडे आलं. आहे तेच काम ओळखपत्रासह, ठरलेल्या मोबदल्यासह करता येणं, हाही रोजगार-साहाय्याचाच भाग आहे.

(दृश्य: वर्गाबाहेर नोंदणीसाठी रांग.)

संस्था निवडताना 'किती जणांना नोकरी लावली' हे विचारून काही कळत नाही, कारण रुजू झालेल्या दिवशीच तो आकडा मोजला जातो. सहा महिन्यांनी किती जणांची पगाराची स्लिप आली, ते विचारा. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात फोन कोण करतं आणि सुपरवायझरशी बोलतं का, तेही विचारा. पुणे महापालिकेच्या सोबतीने चालणारी लाइटहाउस केंद्रं, औंधचं शासकीय आयटीआय, नोंदणीसाठी राज्य शासनाचं महास्वयं पोर्टल, इथून सुरुवात करता येते. नोकरीच्या बदल्यात कुणी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागितले तर तिथून निघा. जाताना आधार, पॅन, दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स न्या. मूळ कागद दाखवायचे आणि त्याच वेळी परत घ्यायचे.