सुपारीच्या पोटातलं गणित

नमस्कार श्रोतेहो.

शिक्षकांना उन्हाळ्यात दोन महिने सुट्टीच सुट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बारावीच्या पेपरांचे गठ्ठे घरी आणून बघावेत. असो. ते गठ्ठे परत केले आणि मे महिन्याचे चार आठवडे मी पुण्यात, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढले. विषय होता सीटी स्कॅन.

सीटी स्कॅनमागचं गणित थोडक्यात सांगते. चार घरांचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. वर दोन-तीन, खाली तीन-दोन. आडव्या बेरजा पाच, उभ्या बेरजाही पाच. आता आकडे बदला. वर एक-चार, खाली चार-एक. पुन्हा सगळीकडे पाचच! तिरकी बेरीज केली की मात्र फरक कळतो. पहिल्यात दोन आणि दोन चार, दुसऱ्यात एक आणि एक दोन. क्ष-किरण शरीरातून पार होतो तेव्हा वाटेत किती अडला, याची अशीच बेरीज आपल्या हाती लागते. त्यासाठी लॉगॅरिथम घ्यावा लागतो. लॉग टेबल कशाला हवं म्हणणाऱ्या मुलांनी हे जरा ऐकावं. तर बेरजा बाहेर, आकडे आत. बेरजांवरून आतले आकडे काढायचे.

हे जमतं, असं योहान राडोन या गणितज्ञानं १९१७ मध्ये कागदावर सिद्ध केलं होतं. पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर. बेरजा २८,८०० आणि घरं ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४००. एवढी समीकरणं मी गृहपाठाला दिली तर पालक मोर्चा आणतील.

आता सुपारीची गोष्ट.

प्रयोगशाळेतलं यंत्र लहान, शिशाच्या पेटीतलं. त्यात वस्तू गोल फिरते, एकेका अंशाला एक सावली, अशा १८० सावल्या. प्रत्येक सावली जिथून आली त्या दिशेनं परत पसरायची, की चित्र उभं राहतं. तो प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. स्कॅनला काय ठेवायचं? पर्समध्ये सुपारी निघाली. घरच्या पूजेत गणपती म्हणून मांडलेली, विसर्जनानंतर राहून गेलेली.

चित्र आलं. एकात एक वर्तुळं, झाडाच्या बुंध्यासारखी! मी खूश. सगळ्यांना बोलावून दाखवलं. तिथं पीएचडी करणारा एक मुलगा होता, फार अदबीचा. तो म्हणाला, "मॅडम, खोडरबर ठेवून बघू या?"

खोडरबर ठेवला. पडद्यावर गोल आला.

"मॅडम, खोडरबर चौकोनी असतो ना?"

काय बोलणार? मग त्यानं बरोबर मधोमध एक बारीक दाभण उभं केलं. या वेळी मधल्या ठिपक्यातून किरण फुटले, देवाच्या फोटोमागं असतात तसे. मला मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्याही मी मोजते. किरण मोजले तर चव्वेचाळीस. म्हणजे आरपार रेषा बावीस. बावीस! श्रोतेहो, बावीस म्हटलं की पुढं सप्तमांश आलंच. बावीस सप्तमांश म्हणजे जवळजवळ पाय. रेडियन हे अंशासारखंच कोन मोजायचं एकक, आणि पाय रेडियन म्हणजे अर्धा फेरा. म्हणून बावीस रेडियन म्हणजे जवळजवळ सात अर्धे फेरे. दर बाविसावी सावली पुन्हा त्याच रेषेवर येऊन बसत होती. संगणकाची साइन रेडियन मागते आणि मी तिला अंश देत होते. अंश दिले, रेडियन हवे होते! याच चुकीसाठी मी अकरावीच्या मुलांचे मार्क वीस वर्षं कापते आहे. (आणि पायची किंमत बावीस सप्तमांशच, अगदी बरोबर तेवढीच, असं सांगणाऱ्या शिक्षकांचेही कापायला हवेत. ते जवळजवळ आहे, बरोबर नाही.)

एका ओळीत पायनं गुणून १८० नं भागलं. खोडरबर चौकोनी झाला. सुपारी पुन्हा लावली, तर वर्तुळं गायब. आत, कडेपासून मधापर्यंत गेलेलं, किडीनं पोखरलेलं एक वाकडं भोक.

घरी येऊन सासूबाईंना मोठ्या अभिमानानं ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सुपारी किडकी आहे, एवढंच ना? त्याला अडकित्ता पुरला असता."