वेळासच्या वाळूतल्या खुणा

(दृश्य: पहाटेचा अंधार, किनाऱ्यावर हलणारा टॉर्चचा उजेड. लाटांचा आवाज.)

पहाटेचे साडेपाच. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातलं वेळास. बाणकोटचा किल्ला इथून जवळच. इतिहासात हे नाना फडणवीसांचं गाव. आता मात्र गावात पाऊल टाकणारा पाहुणा आधी कासवांची चौकशी करतो.

बादली आणि काठी घेऊन निघालेले हे गावातलेच कासवमित्र. कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. या दिवसांत एकही पहाट चुकवून चालत नाही, कारण उशीर झाला की कोल्हा नाहीतर कुत्री आधी पोचतात.

(दृश्य: वाळूवरचा माग, अगदी जवळून.)

हा बघा माग. पाण्यातून वर येणारा एक, परत जाणारा दुसरा. डाव्या-उजव्या वल्ह्याच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाच्या, खुणा समोरासमोर नाहीत, मागेपुढे पडल्यात. म्हणजे ही ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी. रात्री ती भरतीच्या रेषेच्या वर आली, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणला, अंडी घातली, वाळू लोटली आणि स्वतःच्या अंगाने थोपटून जागा बेमालूम केली. घरटं कुठे आहे ते नुसतं बघून कळत नाही. काठी अलगद टोचत जायचं. घट्ट... घट्ट... आणि इथे ती सहज आत गेली. काठी बाजूला ठेवायची. आता फक्त हात.

(दृश्य: कोपरापर्यंत वाळूत गेलेला हात. एकेक अंडं बाहेर.)

साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, मडक्यासारखा खड्डा. शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. कवच चिवट, बोट टेकलं तर किंचित दबणारं. अंडं जसं होतं तसंच उचलायचं, उलटंपालटं करायचं नाही. बादलीत तळाला त्याच घरट्यातली ओलसर वाळू. मोजणी तोंडाने चालू असते, आणि मोजताना मध्ये कोणी बोलत नाही.

(दृश्य: चिपळूण. जुने फोटो.)

हे काम सुरू कसं झालं, ते सांगायला हवं. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ सालची. भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती पक्ष्यांच्या नोंदी करत डोंगर आणि किनारे पालथे घालत होते. २००२ मध्ये समुद्रगरुडाच्या अभ्यासासाठी फिरताना वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. पक्षी बघायला आलेली माणसं खाली बघू लागली. अंडी खाल्ली जात होती, विकली जात होती. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, कासवाचं नाव होतं, पण त्या कायद्याचा कागद वाळूपर्यंत पोचला नव्हता. संस्थेने बाहेरून पहारेकरी आणले नाहीत. किनारा ज्यांच्या पायाखालचा, त्यांनाच सोबत घेतलं. या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब आम्हाला हीच वाटते.

(दृश्य: जाळीचं कुंपण, आत ओळीने घरटी.)

हे संवर्धन केंद्र, म्हणजे जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा चौकोन. मूळ घरट्याच्या मापाचा आणि आकाराचा खड्डा इथे हाताने खणायचा आणि अंडी त्यात ठेवायची. शेजारी पाटी: तारीख आणि अंड्यांची संख्या. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस काम वाळूचं. पिल्लू नर होणार की मादी, तेही तीच ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात, थंड राहिली तर नर.

पाटीवरची माहिती मग नोंदवहीत जाते. नोंद किती लांबचं बोलू शकते, त्याचं एक उदाहरण. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये क्रमांकाचा टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. वल्ह्यावरच्या क्रमांकाने तिची ओळख पटली. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, याच वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला होता. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

(दृश्य: गावातली घरं, पाहुणे.)

२००६ पासून कासव महोत्सव भरतो. घराघरात पाहुणे उतरतात, गावात चार पैसे येतात. वनविभागाच्या जोडीने आता काम गावच सांभाळतं.

(दृश्य: संध्याकाळ. घरट्यावर उपडी टोपली.)

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. वरची वाळू खचून खळगा पडला, म्हणजे आत हालचाल आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा टोपली उचलून बघायची.

(दृश्य: टोपली उचलली जाते. पाच सेकंद निवेदन नाही.)

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे, वाळूवर ठेवतात. तेवढं अंतर ती स्वतः चालतात. दोरीच्या अलीकडे माणसं उभी आहेत. कोणी पुढे जात नाही, फ्लॅश मारत नाही.

(दृश्य: लाट येते, तीन पिल्लं उलटी होऊन मागे फेकली जातात, सरळ होऊन परत निघतात. फक्त समुद्राचा आवाज.)

एक राहिलंय.

(दृश्य: शेवटचं पिल्लू लाटेत जातं. मागे कासवमित्र नोंदवही उघडतो, तारीख लिहितो.)